निशाणी धोटा

‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न मराठी माणूस ओळख झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या वाक्यात विचारतो, आणि उत्तरातून त्याला पुष्कळ काही कळते. ज्यांना मूळ गाव दाखवता येते त्यांच्यापाशी दाखवण्याजोगी एखादी वास्तू बहुधा असते. पडका का होईना, पण वाडा असतो; निदान जोते असते, आजोबांनी जीर्णोद्धार केलेले देऊळ असते. मग ज्यांचे पूर्वज परक्याच्या जागेत राहिले, हातांनी काम करत राहिले आणि काम संपल्यावर निघून गेले, त्यांनी मूळ गाव दाखवायचे म्हणजे नेमके काय दाखवायचे? आम्ही तिघे भावंडे बुऱ्हाणपूरला गेलो ती या प्रश्नासाठी नव्हे. पण तिथल्या चार दिवसांत हाच प्रश्न आमच्या पुढ्यात येऊन बसला.

आमच्या घरी गावाचे नाव ‘बऱ्हाणपूर’ असेच उच्चारले जाई. आजी सांगे, की तिथे किल्ल्यालगत आपला वाडा होता आणि हत्ती आत येईल एवढे त्याचे दार होते. वाडा का गेला, कोणी घेतला, हे विचारले की ती ‘दिवस फिरले’ एवढेच म्हणे. आम्ही वाढलो ते वडिलांच्या सरकारी नोकरीच्या गावांतून. घरात माग नव्हता, मागाचे नावही कोणी काढत नसे. देव्हाऱ्यात मात्र बाळकृष्णाशेजारी होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला एक लाकडी तुकडा असे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिले जाई. तो मागाचा धोटा आहे हे आम्हाला कळले तेव्हा आमच्यातला थोरला कॉलेजात होता.

वडील गेले आणि त्यांच्या क्रियाकर्मासाठी आम्ही नाशिकला गेलो. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे जातवार आणि गाववार वह्या असतात. यजमान आला की त्याची नामावळी उतरवून घेतात. शक्य तर तो स्वतःच्या हाताने लिहितो. उपाध्यायांनी कोष्ट्यांची वही काढली. लाल कापडात गुंडाळलेली, आडवी, मोडीने भरलेली. वाचूनही त्यांनीच दाखवली. शके १७५२, म्हणजे १८३० साली, आमच्या खापरपणज्यांचे वडील गंगेवर आले होते. ‘वस्ती बऱ्हाणपूर’. पुढे भावांची आणि मुलांची नावे. लिहिणारा हात उपाध्यायांच्या पूर्वजांचा, कारण आमच्या पूर्वजाला लिहिता येत नव्हते. शेवटी ‘निशाणी धोटा’ असे दोन शब्द आणि त्यापुढे बोटभर लांबीचे एक चित्र होते. जुन्या कागदांवर कुणब्याची निशाणी नांगर असते, वाण्याची तागडी असते. तसा हा धोटा. पुढची नोंद शके १७९० ची, म्हणजे १८६८ ची. तिथे ‘हल्ली वस्ती येवले’ आहे, निशाणी तीच. वाड्याचा उल्लेख अर्थातच कुठे नाही. त्या वह्यांत तो असतही नाही. पण हत्तीच्या उंचीचे दार असणारा माणूस सहीच्या जागी धोटा काढील, हे आम्हाला पटेना.

तेव्हा बुऱ्हाणपूर पाहायचे ठरले.

भुसावळहून निघालेली गाडी रावेर ओलांडून महाराष्ट्राबाहेर पडते आणि केळीच्या बागांतून बुऱ्हाणपूरला पोचते. गाव तापीच्या उत्तर तीरावर आहे. साधारण १४०० च्या सुमारास खानदेशच्या नासिर खान फारुकीने ते वसवले आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांचे नाव त्याला दिले. नदीपलीकडच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी यांचे नाव मिळाले, ती जैनाबाद. दोघांचेही दर्गे आपल्याकडे, वेरूळजवळ खुलदाबादेत आहेत. म्हणजे तापीकाठच्या या दोन्ही गावांनी आपापली नावे गोदावरीच्या खोऱ्यातून नेली. खुलदाबादेतच आसफजाह निजामुल्मुल्काची कबर आहे, आणि तो वारला १७४८ साली बुऱ्हाणपुरात. नकाशावरची राज्यांची सीमा या गावाच्या दक्षिणेला अगदी जवळ येऊन थांबते. इतिहासाने मात्र ती रेघ अनेकदा ओलांडलेली आहे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा फारुकी संपले आणि मोगलांचे दख्खनचे ठाणे इथे आले. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली ते पेशव्यांकडे, तेथून शिंद्यांकडे आणि अखेर इंग्रजांकडे गेले. आमच्या पूर्वजाने नाशकात धोटा काढला त्या वर्षी इथे शिंद्यांचा अंमल होता.

गावातली पहिली पाहण्याजोगी वास्तू जामा मशीद. काळ्या दगडाची, पंधरा कमानींची, दोन उंच मिनारांची. फारुकी घराण्यातल्या आदिलशहाने, म्हणजे राजा अली खानाने, ती बांधवली. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने तिथे थबकावे असे कारण आतल्या भिंतीवर आहे. अरबी शिलालेखाखाली संस्कृत शिलालेख आहे, नागरी लिपीतला. सृष्टिकर्त्याला वंदन करून तो सुरू होतो, राजा मलिकापासून आदिलशहापर्यंतचा फारुकी वंश सांगतो आणि मग मशिदीचा काळ देतो: विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुक्ल पक्ष, तिथी, घटिका, नक्षत्र, योग, करण आणि लग्न यांसह. इसवी सनाच्या हिशेबाने १५९० चा जानेवारी. मशिदीच्या भिंतीवर पंचांग कोरलेले पाहून आजच्या वाचकाला नवल वाटते. कोरवून घेणाऱ्याला त्यात नवल वाटले असेल असे लेखाच्या सुरावरून तरी दिसत नाही. आपल्या प्रजेतल्या जाणत्यांना जी भाषा आणि जी कालगणना कळते तिच्यात आपली वंशावळ असावी, एवढा साधा व्यवहार त्यामागे असावा. त्याच मशिदीत अकबराचाही १६०१ चा लेख आहे. जिंकणाऱ्याने जुना लेख तसाच ठेवून शेजारी आपला कोरवला.

त्या भिंतीसमोर उभे असताना नाशिकच्या वहीची आठवण येणे अपरिहार्य होते. तिथेही वंशावळ, इथेही वंशावळ. राजाची दोन भाषांत दगडावर, चार शतकांहून अधिक काळ जिथल्या तिथे. विणकराची कागदावर, दुसऱ्याच्या अक्षरात, दुसऱ्याच गावी. शिलालेखाचे वाचन रायबहादूर हिरालालांसारख्या विद्वानांनी करून ठेवले आहे. वहीतले पान त्या घरातले कोणी मेल्याखेरीज उघडत नाही.

तापीच्या काठावर शाही किल्ला आहे. बराचसा ढासळलेला, पण नदीकडून पाहिला की त्याची उंची अजून दबकवते. आत हमामखाना शाबूत आहे. त्याच्या छतावर वेलबुट्टीची रंगीत नक्षी आहे. याच गावी १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिचे तात्पुरते दफन झाले आणि डिसेंबरात देह आग्र्याला नेण्यात आला. सगळे वाटाडे इथे ताजमहालाची गोष्ट सांगतात आणि ती त्यांनी सांगावी हेही योग्यच. पर्यटक तिच्यासाठीच आलेला असतो. पण त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट आहे. १६३० ते १६३२ हा गुजरात आणि दख्खनमधल्या भीषण दुष्काळाचा काळ. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला निघाला, तो बुऱ्हाणपूरवरून गेला. वाटेवरच्या गावांत पाहिलेल्या प्रेतांची वर्णने त्याने लिहून ठेवली आहेत. शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी नोंदवतो, की बादशहाने लंगर उघडले आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, कारण सोमवार हा राज्यारोहणाचा वार. पाच हजारांचा आकडा टिकला. ते रुपये घ्यायला रांगेत कोण उभे होते ते कुणी लिहिले नाही. दुष्काळात आधी मरतो तो शेतमजूर आणि त्याच्याबरोबर विणकर; धान्य महागले की कापड कोणी घेत नाही आणि विणकराच्या घरी धान्याची कणगी नसते. एका मृत्यूतून ताजमहाल उभा राहिला. बाकीच्या मृत्यूंची तापीकाठी एक शिळाही नाही.

कापडाविषयी तरी काय उरले? झां बातिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात एकाहून अधिक वेळा इथून गेला. इथले झिरझिरीत सुती कापड इराण, तुर्कस्तान, मस्कोव्ही, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते असे तो लिहितो. कुठल्या कापडाला रंगीत फुले, कुठल्याला सोन्यारुप्याचे पट्टे, कशाच्या ओढण्या, कशाचे रुमाल, हे त्याने व्यापाऱ्याच्या नजरेने टिपले आहे. बुऱ्हाणपूरची खरी ख्याती होती ती कलाबतूची. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती कांब जंतरातल्या लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत केसासारखी तार करायची, ती ठोकून चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर पीळ देत गुंडाळायची. प्रत्येक पायरीचा कारागीर वेगळा. धातू अस्सल असावा म्हणून सोनेचांदी आधी टाकसाळीत न्यावे लागे. तिथे वंशपरंपरेने नेमलेला पारखी असे, त्याला चोकसी म्हणत. तो कस पाही, मगच काम पुढे सरके, आणि सरकारची पट्टीही तिथेच वसूल होई. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरांनी या व्यवस्थेचे वर्णन आवर्जून केले आहे. बुऱ्हाणपुरी मालाची किंमत या कसावर उभी होती.

म्हणजे तारेचा कस पाहणारा पिढीजात होता, त्याचे पदही कागदोपत्री होते. ती तार बाण्यात घालून पदर विणणाऱ्याचा कस मात्र ज्या पदरात उतरला त्या पदराबरोबर गेला. जरीचे जुने वस्त्र विरले की जाळून त्यातले सोनेरुपे काढून घेण्याची आपल्याकडे रीत होती. वस्त्र जितके मोलाचे, तितके ते जाळले जाण्याची शक्यता अधिक! दगडाचे असे नाही. विणकरांच्या गावात आपण इमारती पाहत फिरतो याचे कारण एवढेच, की ज्यासाठी ते गाव जगाला ठाऊक होते ते पाहायला शिल्लक राहत नाही. या इमारती ज्या महसुलातून उभ्या राहिल्या त्यात मागांवरची पट्टीही होती, हे एकदा ध्यानात आले म्हणजे कमानींकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

इथे एका अवघड जागी यावे लागते. जानेवारी १६८१ मध्ये रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बुऱ्हाणपूर गाठले. बहादूरपुरा आणि शहराभोवतीचे इतर संपन्न पुरे तीन दिवस लुटले गेले. मराठी मुलगा ही हकीकत शौर्याची म्हणून वाचतो. आम्हीही तशीच वाचली. ‘आम्ही बुऱ्हाणपूर लुटले’ असे वाक्य इतिहासाच्या तासाला उत्तरात लिहिताना त्यातल्या ‘आम्ही’कडे पाहण्याचे कारणच नव्हते. मोगलांच्या दख्खनमधल्या सत्तेवर तो घाव होता, औरंगजेबाच्या प्रतिष्ठेवर होता, आणि राजकारणाच्या हिशेबात तो बिनचूक होता, यात वाद नाही. पण पुरा म्हणजे काय? कोटाबाहेरची वस्ती. तिथे सराफ होते, व्यापारी होते, आणि त्यांच्या भोवती त्यांच्यासाठी राबणारे हात होते: पिंजारी, रंगारी, तारकस, कोष्टी. खाफीखान या लुटीचे वर्णन सविस्तर देतो. त्याच काळातला दुसरा फार्सी लेखक भीमसेन सक्सेना तर बुऱ्हाणपुरातच जन्मलेला. सेतुमाधवराव पगडींनी त्याचे आत्मवृत्त मराठीत आणले, तेव्हा आपल्या वाचकाला पलीकडच्या बाजूने आपल्याकडे पाहण्याची एक खिडकी मिळाली. त्या खिडकीशी आपण फार वेळ उभे राहत नाही, हा भाग वेगळा.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो, ‘आपण’ त्याला आत घेतो. १६८१ च्या त्या वाक्यात आम्हाला ‘आम्ही’ हा शब्द शाळेने दिला. नाशिकच्या वहीने दुसरा ‘आम्ही’ दिला, बऱ्हाणपूरच्या पुऱ्यातला, धोटा चालवणारा. दोन्ही आमचेच. एक घोड्यावर बसून शहराकडे येतो आहे आणि दुसरा दार लावून घेतो आहे. यांपैकी एकाला खोडून दुसरा ठेवणे सोपे आहे, आणि अलीकडे दोन्ही बाजूंनी तसे करणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते जमले नाही. संभाजीराजांविषयीचा आमचा आदर उणावला नाही. पण ती हकीकत यापुढे कोणी सांगू लागले की त्या बंद दाराआडचा श्वास आम्हाला ऐकू येणार, हेही खरे.

हत्तीच्या दाराचा वाडा शोधायला आम्ही किल्ल्यामागची वस्ती पालथी घातली नाही. गल्ल्यांतून चालू लागलो तेव्हा आवाजानेच वाट दाखवली. बुऱ्हाणपुरात आज यंत्रमाग आहेत, एकेका घरात चार, सहा, आठ. भिंती थरथरतात, बोलायचे तर ओरडून बोलावे लागते. एका दाराशी उभे राहून आम्ही आत पाहत होतो, तर एका वृद्ध गृहस्थांनी माग थांबवला आणि आत बोलावले. ते अन्सारी. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून त्यांना हसू आले, पण ते हसणे चेष्टेचे नव्हते. त्यांचे पूर्वज १८५७ च्या धामधुमीनंतर अवधकडून आलेले. उत्तरेतले अनेक मोमीन विणकर त्या काळात दक्षिणेकडे सरकले. मालेगाव आणि भिवंडी त्यांतूनच वाढली, आणि काही इथे थांबले. आमचे पूर्वज १८३० ते १८६८ च्या दरम्यान इथून गेले. लँकेशायरचे स्वस्त कापड येत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथला कापूस बाहेर जाऊ लागून सूत महागले होते. शिंद्यांचा अंमल जाऊन इंग्रजांचा आला होता आणि जरीची पागोटी बांधणारे दरबार विझत होते. यांतले कोणते कारण आमच्या घराला येवल्याकडे घेऊन गेले कोण जाणे. येवल्यात रेशमाचे आणि जरीचे काम होते, पेठ होती, एवढे पुरेसे असेल.

म्हाताऱ्याने हा सगळा हिशेब शांतपणे ऐकला. म्हणाला, “आप के लोग गए, हमारे लोग आए. करघा खाली थोड़े ही रहा, बेटा.” मग आमच्या थोरल्याने पिशवीतून धोटा काढून दाखवला. तो त्याने दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याने त्याचे टोक चाचपले आणि कांडी बसते त्या खाचेत बोट घालून सांगितले की हा रेशमाचा, सुताचा नव्हे. सुताची कांडी याहून जाड असते. आमच्या घरात चार पिढ्या त्या लाकडाची पूजा झाली. त्याविषयी एवढी माहिती आम्हाला पहिल्यांदाच मिळाली, आणि ती देणाऱ्याशी आमचे रक्ताचे, जातीचे, धर्माचे कोणतेच नाते नव्हते. त्याची दोन्ही मुले सुरतेला नोकरीला आहेत. त्याच्यानंतर हा माग कोण चालवील, हे आम्ही विचारले नाही. निघताना त्याच्या नातीने आम्हाला खिडकीतून हात केला.

शेवटच्या दिवशी कुंडी भंडारा पाहिला. अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणण्याची ही इराणी धाटणीची योजना झाली. दोह्यांचा कवी म्हणून आपण ज्या रहीमला शिकवतो तो हाच. वरून पाहिले तर माळावर ओळीने विहिरींची गोल तोंडे तेवढी दिसतात. एका विहिरीतून पाळण्याने खाली उतरता येते. तळाशी गुडघाभर पाणी, भिंतींवर चुन्याचा साका आणि दोन्ही बाजूंना अंधारात शिरणारा बोगदा. शहराला पिण्याला आणि रंगाऱ्यांच्या हौदांना पाणी लागे. ते चार शतके असे न दिसता येत राहिले. वरच्या माळावर चालणाऱ्याला एका तोंडापासून दुसरे दिसते, पण पाणी दिसत नाही.

आमच्या शोधाचेही असेच आहे. एक तोंड १८३० चे, एक १८६८ चे, एक देव्हाऱ्यातले. मधल्या बोगद्यात काय होते ते कोणत्याही वास्तूने आम्हाला सांगितले नाही. एका अनोळखी विणकराच्या अंगठ्याने थोडेसे सांगितले. आजीचा वाडा खोटा होता असे म्हणण्याचीही आता इच्छा होत नाही. गावात मानाने राहायचे तर मूळ गावी वाडा हवा, एवढे तिने जगाकडून शिकून घेतले होते. तिच्या नातवंडांना हत्तीचे दार हवे होते आणि ते तिने दिले. मागाचे नाव काढण्याची लाज तिला का वाटली असेल, याचे उत्तर बुऱ्हाणपुरात नाही. ते आपल्या मराठी समाजात आहे, जिथे पैठणीचे कौतुक घरोघर होते आणि ती विणणाऱ्याचे आडनाव विचारण्याची गरज कोणाला भासत नाही.

मूळ गाव कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही आता ‘बऱ्हाणपूर’ सांगतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तिथे काय होतं तुमचं? ‘माग होता’, असे आम्ही सांगतो. समोरचा क्षणभर थांबतो आणि बहुधा विषय बदलतो. बदलू द्यावा.